तेवीस कागद

२३ कागदांपैकी १७ कागदांवर एकच वाक्य होतं: माणूस जन्माला येतो मूळ प्रत म्हणून आणि मरतो फोटोकॉपी होऊन.

हे वाक्य कार्लो अक्युटिसचं म्हणून सांगतात. कार्लो हा इटलीतला, कम्प्युटरचं वेड असलेला मुलगा. २००६ साली, पंधराव्या वर्षी तो ल्युकेमियानं गेला. २०२५च्या सप्टेंबरमध्ये कॅथलिक चर्चनं त्याला संत म्हणून जाहीर केलं. जीन्स घालणारा संत मुलांना जवळचा वाटेल म्हणून मीच वर्गात त्याची गोष्ट सांगितली होती. मग म्हटलं, "आता ‘माझं जीवनाचं तत्त्वज्ञान’ यावर एक पान लिहा." आणि १७ जणांनी फोटोकॉपी न होण्याबद्दलचं ते वाक्य एकमेकांच्या कागदावरून उतरवून काढलं.

उरलेला मजकूरही सगळीकडे तोच. देवावर श्रद्धा ठेवावी, आईवडिलांचा मान राखावा, गरिबांची सेवा करावी, निसर्गाचं रक्षण करावं. एकीनं तर प्रत्येक मुद्द्याखाली पट्टीनं रेघ मारली होती. पाच मार्कांचा प्रश्न असतो ना, तसं. सोमवारी सकाळी विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये कुणाच्या तरी खांद्यावरून हात काढून मी ते कागद वाचत होतो. आधी हसू आलं, अंधेरीपर्यंत ते विरलं होतं. ही मुलं खोटं लिहीत नव्हती. मी जे शिकवलं होतं तेच त्यांनी मला परत दिलं होतं.

मी वसईतल्या एका धर्मग्रामात नववी-दहावीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवतो. रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये पाऊण तास. पगार नाही, परीक्षा नाही. मुलांचं अर्धं लक्ष बाहेर सायकलींकडे. आठवड्याचे बाकीचे दिवस मी ऑफिसात एक्सेलच्या शीट भरतो.

बाहेरच्या लोकांना आमचं नवल वाटतं. कॅथलिक आणि मराठी? घरात आम्ही सामवेदी बोलतो, तिलाच कादोडी म्हणतो. मिस्सा मराठीत होते. आमच्या आजीच्या तरुणपणी ती लॅटिनमध्ये व्हायची. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि त्यानंतर लोकांच्या भाषेत उपासना सुरू झाली. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी बायबल मराठीत आणलं, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्षही झाले. म्हणजे भाषेचा प्रश्न आमच्यापुरता सुटला. पण लहानपणी मी ज्या वर्गात बसलो तिथं उत्तरं मात्र तयारच असायची. देवानं तुला कशासाठी घडवलं? मास्तर विचारायचे आणि आम्ही एका सुरात सांगायचो: त्याला ओळखायला, त्याच्यावर प्रेम करायला, त्याची सेवा करायला. माझे दुधाचे दात पडायच्या आत आयुष्याचा हेतू माझ्या तोंडपाठ होता. उत्तर चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण तो प्रश्न मला स्वतःला कधी पडलाच नव्हता.

आणि या मुलांना तो लवकरच पडणार आहे. दहावीनंतर कुठली शाखा, मग आखातात की कॅनडात, वाडी ठेवायची की विकायची, लग्न कुणाशी. माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांत हे प्रश्न जेवणाच्या ताटावर रोज असतात. तेव्हा पट्टीनं रेघ मारलेले मुद्दे किती कामी येतील?

पुढच्या रविवारी मी कागद परत दिले आणि दुसऱ्या एका संताची गोष्ट सांगितली.

१५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला या बास्क सरदारपुत्राच्या पायावर तोफेचा गोळा बसला. कित्येक महिने तो अंथरुणावर. त्यानं वाचायला शूरवीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात निघाली फक्त ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. तेच वाचत तो पडून राहायचा आणि दिवास्वप्नं बघायचा. कधी एखाद्या थोर घरच्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची, कधी संतांसारखं चालत जेरुसलेमला जाण्याची. बघताना दोन्ही स्वप्नं गोडच वाटायची. फरक नंतर कळायचा. पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं पडायचं, दुसरं संपलं तरी बरं वाटणं टिकून राहायचं. हा फरक त्यानं हेरला. पुढं येशूसंघ स्थापन करणाऱ्या या माणसानं आपल्या माणसांना एक सवय लावली: दिवसातून थांबून, मागं वळून, झालेला दिवस उलगडून बघायचा.

"त्याच्याकडे मोबाइल नव्हता म्हणून सर," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मीही हसलो, कारण खरंच तर होतं.

मी म्हटलं, एक छोटी वही करा. रोज झोपताना दोनच ओळी. आज कुठली गोष्ट संपल्यावरही बरं वाटत राहिलं? कुठली संपल्यावर वाईट वाटलं? देवाचं नाव घालायचं नाही. मला खूश करायचं नाही. ज्यांना दाखवायच्या नसतील त्यांनी दाखवू नयेत.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सकाळची प्रार्थना करून बरं वाटलं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून खरं लिहिणं सुरू झालं. (मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील इथं बदलले आहेत.)

एकानं लिहिलं, रात्री एक वाजेपर्यंत रील्स बघितल्या. बघताना मजा, फोन ठेवल्यावर तोंडाला चवच नाही. एकानं गणिताच्या चाचणीत कॉपी केली आणि वर्गात पहिला आला. टाळ्या वाजल्या तेव्हा बरं वाटलं, घरी आईनं शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा नाही. एका मुलीची आई भाजी घेऊन बाजारात गेली होती आणि घरी आजी अंथरुणावर. मुलगी रविवारची मिस्सा चुकवून आजीजवळ बसली. तिचे केस विंचरले, मग दोघी झोपून गेल्या. "दिवसभर बरं वाटलं. हे पाप आहे का?" आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याला मिस्सेतून सूट असते, हा नियम मला माहीत होता. तो मी तिला सांगितला. पण तिला फक्त नियम हवा असता तर तिनं केस विंचरल्याचं लिहिलं नसतं.

आणि एकानं लिहिलं: "भावाला मारलं. बरं वाटलं. अजूनही बरं वाटतंय."

इथं माझी पद्धत अडकली. बरं वाटणं हाच निकष धरला तर हा मुलगाही बरोबर ठरत होता. मुलांनीही नेमकं तेच विचारलं. मी त्यांना जॉन हेन्री न्यूमनबद्दल सांगितलं. १८७५ साली प्रकाशित झालेल्या एका प्रसिद्ध पत्रात हा इंग्लिश धर्मगुरू म्हणतो की जेवणानंतर प्याला उंचावायची वेळ आलीच तर तो पोपसाठीही उंचावेल, पण आधी सदसद्विवेकबुद्धीसाठी. यावर मुलांचे डोळे चमकले. म्हणजे फादरांच्याही आधी आपलं मन? पण त्याच पत्रात त्याची तक्रारही आहे. लोकांनी या शब्दाचा अर्थ ‘मला वाटेल ते करायचा हक्क’ एवढाच करून टाकलाय. विवेकाचा आवाज आपला असला तरी तो आपल्या सोयीचा नसतो. बहुतेक वेळा तो आपल्याला अडवायलाच येतो.

हे बोलून झालं तरी भावाला मारणाऱ्याचा चेहरा हलला नाही. मग मी त्याला एवढंच सांगितलं, "या आठवड्यात भावालाही एक ओळ लिहायला सांग." पुढच्या रविवारी त्यानं वही माझ्याकडे सरकवली. धाकट्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात होतं: "दादा घरी आला की मी बाथरूममध्ये जाऊन बसतो." त्याच्या खाली मोठ्यानं स्वतः काही लिहिलं नव्हतं. मीही काही बोललो नाही.

त्याच दिवशी आणखी एक वही माझ्या हातात आली. त्यात दोन वाक्यं होती. "मला देव आहे असं वाटत नाही. मम्मीसाठी येतो."

हा मुलगा आमच्या वाडीमागच्या गल्लीत राहतो. माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला. मे महिन्यात बिशप येणार होते आणि या २३ जणांना दृढीकरण संस्कार मिळणार होता. बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, तेव्हा ‘हो’ आईबाप म्हणतात. दृढीकरणात ते ‘हो’ ज्याचं त्यानं म्हणायचं असतं. मुलींचे पांढरे फ्रॉक शिवायला टाकले होते, कुणाकुणाच्या हॉलचं बुकिंगही झालं होतं.

मी आमच्या फादरांकडे गेलो. नाव सांगितलं नाही.

"तू त्याला काय उत्तर दिलंस?" त्यांनी विचारलं.

"अजून काहीच नाही, फादर."

"बरं केलंस." थोडा वेळ ते गप्प होते. "त्याला एवढंच विचार, तू ‘हो’ कुणासाठी म्हणणार आहेस? आईसाठी म्हणणार असेल तर थांबू. बिशप पुढच्या वर्षीही येतील."

मी समजत होतो की फादर त्याला पाठवून द्यायला सांगतील, चार पुस्तकं देतील. त्यांनी त्या मुलाच्या नकाराला माझ्यापेक्षा जास्त किंमत दिली. व्हॅटिकन परिषदेनं सदसद्विवेक म्हणजे माणसाचा गाभारा, तिथं तो देवाबरोबर एकटा असतो, अशा अर्थाचं म्हटलंय. ते मी वर्गात दोनदा सांगितलं होतं. गाभाऱ्यात दुसऱ्यानं शिरायचं नसतं, हे मात्र मला त्या दिवशी समजलं.

मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मग मी थांबतो." नंतर त्याची आई घरी आली. बाहेरच उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही. "सगळ्यांच्या पोरांचं होणार. आमच्याच पोराचं का नाही? तुम्ही वह्या लिहायला लावल्या म्हणून हे झालं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. लावल्या होत्याच.

पुढच्या रविवारी मी पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’बद्दल बोललो. पृथ्वी हे सगळ्यांचं घर आहे असं सांगणारं, २०१५ सालचं पोपपत्र. मुलांना जवळचं उदाहरण द्यावं म्हणून बावखलांचा विषय काढला. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या पाण्यावर केळी, पानवेली, फुलझाडं जगली. पूर्वी त्यावर रहाट चालायचे. पावसाचं पाणी आधी तिथं भरायचं, जमिनीत मुरायचं. आता एकेक करून बावखलं बुजवली जातायत आणि पाणी घरात शिरतंय. २०१८च्या जुलैत वसई पाण्यात होती, ते मुलांना आठवत होतं. बोलणं चांगलं रंगलं.

तेव्हा तो मुलगा म्हणाला, "सर, तुमच्या वाडीतपण होतं ना एक? मी तिथं गळ टाकायचो."

आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच आठवत होता.

आमच्या वाडीत बावखल होतं. २०१९ साली आम्ही नवं घर बांधलं. गाडी आत यायला रस्ता हवा होता आणि मधे ते पाणी. भाऊ आणि मी मिळून ठरवलं. राबिटाचे १४ डंपर आले. आदल्याच वर्षी वसई बुडाली होती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. पप्पा तरुणपणी हरित वसईच्या मोर्चांना गेलेले, फादर दिब्रिटोंच्या मागून चाललेले. ते ओट्यावर बसून डंपर रिकामे होताना बघत राहिले. म्हणाले एवढंच, "तुमचं तुम्ही बघा." त्या मुलाचं घर आमच्या वाडीच्या मागं, उतारावर आहे. त्यानंतरच्या दर पावसाळ्यात त्यांच्या पडवीत पाणी येतं. हे मला माहीत होतं. तो जोडून काही बोलला नाही. बहुतेक त्यानं ते जोडलंही नसेल. पण मी जोडलं.

"होतं," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी सांगतो."

त्या आठवड्यात मी माझा कागद लिहायला बसलो. मुलांना दिलेला विषय मी स्वतः कधी लिहिलाच नव्हता. पहिलं पान लिहून झालं तेव्हा त्यावर होतं: श्रद्धा, कुटुंब, प्रामाणिकपणा, निसर्ग. पट्टीनं रेघ मारायची तेवढी राहिली होती. अठरावा फोटोकॉपीवाला मीच.

ते फाडलं आणि मुलांच्या वहीच्या पद्धतीनं सुरुवात केली. काय केलं, आणि करताना स्वतःला काय सांगितलं. आता रहाट कोण चालवतं? सगळेच बुजवतात. आपली जागा आहे. मुलांना सायकल खेळायला अंगण होईल. एकेक वाक्य अगदी समंजस होतं. ती सगळी एकाखाली एक लिहिल्यावर त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसायला लागली: कुंपणाच्या आतलं आपलं, बाहेरचं ज्याचं त्यानं बघावं. २०१९ साली मी याच तत्त्वज्ञानावर जगत होतो. ते मला कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या धर्मग्रंथातलं नव्हतं आणि कुणी विचारलं असतं तर मी ते साफ नाकारलं असतं.

तोवर मला वाटत होतं की या मुलांकडे तत्त्वज्ञान नाही आणि ते घडवायला मी मदत करायची आहे. पण रिकामं कुणीच नसतं. पंधरा वर्षांच्या पोराकडेही एक तत्त्वज्ञान असतं. त्याचा वेळ कुठं जातो, तो खोटं कधी बोलतो, कुणाला मारतो, कुणाचे केस विंचरतो, त्यात ते लिहिलेलं असतं. मदत करायची ती ते वाचायला. वाचून झालं की मग ठरवता येतं, हे मला हवंय का? ख्रिस्तानं सांगितलेलं माझ्या या कागदाशी जुळतं का? या प्रश्नांआधी दिलेली उत्तरं कितीही पवित्र असली तरी ती वहीतच राहतात.

रविवारी मी तो कागद वर्गात वाचला. डंपरांची संख्या, पप्पांचं वाक्य, कुंपणाचं वाक्य, सगळं. वाचताना घसा दोनदा अडला. मुलं कधी नव्हे इतकी गप्प होती. शिक्षकानं असं काही वाचायचं असतं का, हे बहुतेक त्यांना कळत नव्हतं. मलाही नव्हतं. संपल्यावर आजीजवळ बसलेली ती मुलगी म्हणाली, "मग आता, सर?"

बावखल परत येत नाही. त्याच्या डोक्यावर आता पेव्हर ब्लॉक आहेत आणि भावाची गाडी उभी असते. उकरू म्हटलं तर घराच्या पायाला धोका. एप्रिलमध्ये भावाशी दोनदा भांडलो, मग रस्ता आडवा खणून खालून मोठ्या व्यासाचा पाइप टाकला. वाडीच्या कोपऱ्यात पाणी मुरायला खड्डा केला. खर्च माझा. भाऊ म्हणाला, कुणाला दाखवायला करतोयस? मी म्हटलं, एका पोराला. मुलाच्या आईलाही जाऊन सांगितलं, पाणी आमच्यामुळे येतं. ती आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "माहीत होतं."

मे महिन्यात २२ मुलांचं दृढीकरण झालं. त्याआधी मी सगळ्यांना पुन्हा एक पान लिहायला सांगितलं होतं. या वेळी कुठलीच दोन पानं सारखी नव्हती. काही चांगली होती, काही अर्धवट, एकात फक्त चार ओळी. त्यांत काय होतं ते इथं लिहिणार नाही. ती मी पाकिटात घालून ज्याची त्याला परत दिली आणि सांगितलं, दहा वर्षांनी कुठल्यातरी कागदावर मोठी सही करायची वेळ येईल. त्याच्या आदल्या रात्री हे उघडा. तेविसावा मुलगा त्या दिवशी आईशेजारी बाकावर बसला होता. सगळ्यांबरोबर उभा राहत होता, गाणी म्हणत होता. त्याच्या पाकिटात काय आहे ते मी वाचलेलं नाही. त्यानं ते बंद करूनच दिलं होतं.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री मी टॉर्च घेऊन कुंपणापाशी गेलो. पलीकडे तो आधीच छत्री धरून उभा होता, पाइपच्या तोंडाकडे बघत.

"जातंय का रे पाणी?"

"थोडं थोडं, सर," तो म्हणाला. "अजून बघू या."